कंपनीचे सहा जण तीन महिने मदतीला येणार आहेत, त्यांना नेमकं काय काम द्यावं?

मोखाडा_पोषण

नमस्कार मंडळी. आमची संस्था मोखाडा आणि जव्हार तालुक्यांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या पोषणावर काम करते. ४२ पाडे, १४ कार्यकर्त्या. कार्यालयात दोघंच: हिशेब बघणारे एक दादा आणि मी.

ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाने कळवलंय की त्यांचे ६ कर्मचारी आठवड्याला ३ तास याप्रमाणे १२ आठवडे आमच्यासाठी विनामूल्य काम करतील. २ ऑक्टोबरपासून, म्हणजे दानउत्सव या देण्याच्या सप्ताहात सुरुवात करायची त्यांची इच्छा आहे. नवी वेबसाइट, मोबाइल अ‍ॅप किंवा डॅशबोर्ड (सगळी माहिती आलेखांत दाखवणारं पान) असे तीन पर्याय त्यांनीच दिलेत.

आमची खरी अडचण अशी आहे. कार्यकर्त्या वजन, उंची आणि दंडघेर वहीत लिहितात. महिनाअखेरीला वह्या कार्यालयात येतात, मग एक्सेलमध्ये भरल्या जातात. एखादं मूल तीव्र कुपोषणात गेल्याचं पर्यवेक्षिकेला कळेपर्यंत तीन-तीन आठवडे जातात. शिवाय आमचे २००९ पासूनचे सगळे अहवाल श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते आता कुठे उघडतच नाहीत.

यातलं कोणतं काम द्यावं? करार लागतो का? मुलांची माहिती बाहेरच्या माणसांना द्यावी का? आणि ते गेल्यावर हे सगळं कोण चालवणार?

---

समन्वय_ठाणे

ताई, आधी तासांचा हिशेब करू. ६ × ३ × १२ म्हणजे कागदावर २१६ तास. यातले पहिले दोन आठवडे तुमचं काम समजून घेण्यात जातात, शेवटचे दोन हस्तांतरात. मध्ये कुणाचा रिलीज (नोकरीतल्या कामाची मुदत) येतो, कुणाची रजा. धरून चालताना निम्मेच धरा, १०० ते ११०. आणि त्यासाठी तुमचा वेळ किती जाईल? आठवड्याला एक तासाची बैठक, शंकांची उत्तरं, नमुने काढून देणं, झालेलं काम तपासणं. आठवड्याला तीन-चार तास सहज. दोघांच्या कार्यालयातून हे ४०-४५ तास काढायचे आहेत, तेव्हा मदत 'फुकट' आहे असं समजून हो म्हणू नका. एकच काम घ्या, लहान घ्या, आणि १२ आठवड्यांत खरोखर संपेल असं घ्या.

अ‍ॅप घेऊ नका. अ‍ॅप तयार होतं, पण ते जिवंत ठेवावं लागतं. प्ले स्टोअरचं खातं, सर्व्हरचं भाडं, शिवाय अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी दर वर्षी करावे लागणारे बदल. हे न केल्यास नव्या फोनवर ते मिळेनासं होतं. तेव्हा करणारा कुणी नसतो. वेबसाइटने तुमचा प्रश्न सुटत नाही. डॅशबोर्ड तुम्हाला हवासा वाटेल, पण तीन आठवडे जुनी माहिती रंगीत आलेखात बसवल्याने ती ताजी होत नाही.

तुमचं काम तुमच्या अडचणीतच आहे: 'मूल मोजलं त्याच दिवशी पर्यवेक्षिकेला कळलं पाहिजे.' हे वाक्य एका पानावर सगळ्यात वर लिहा. त्याखाली चार गोष्टी: आज काय होतं, काय व्हायला हवं, काम झालं हे कशावरून ठरवायचं, आणि या कामात काय येत नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 'प्रणाली कार्यान्वित होईल' असं मोघम लिहू नका. 'चार कार्यकर्त्यांनी आठ पाड्यांत सलग दोन मोजणी-फेऱ्या कुणाच्याही मदतीविना नव्या पद्धतीने पूर्ण केल्या' असं लिहा. चौथीत अ‍ॅप, वेबसाइट, देणगीदारांसाठीचे आलेख अशी नावं घेऊन नाही म्हणा. नाहीतर पाचव्या आठवड्यात कुणीतरी उत्साहाने तेच सुरू करतं.

सहा जण लागणार नाहीत, तीन पुरेत. एक जण कार्यकर्त्यांशी बोलून काम समजून घेणारा, एक फॉर्म आणि डेटा बघणारा, एक मराठीत सूचना-पुस्तिका लिहिणारा. निवडीआधी प्रत्येकाशी २० मिनिटं फोनवर बोला. विचारा की तुमच्या मॅनेजरला या तीन तासांची कल्पना आहे का, कोणत्या वारी कोणत्या वेळेला मोकळे असता, आणि हे काम रोजच्या नोकरीत करता का. पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर तो माणूस कितीही चांगला असला तरी चौथ्या आठवड्यानंतर दिसत नाही. आयटीतला प्रत्येक जण सगळंच करतो असंही नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फॉर्म बनवायला दिलात तर तो तुमच्याबरोबरच शिकत बसेल.

तारीख मात्र बदलून घ्या. ऑक्टोबरला सुरू केलंत तर चाचणीची फेरी डिसेंबरात येते, आणि तोवर निम्मे पाडे वीटभट्ट्यांवर गेलेले असतात. जुलैच्या मध्याला सुरू करा. पावसात पाड्यांची वाट बंद असते तेव्हा कार्यालयातलं काम होईल, सप्टेंबरात दोन फेऱ्या, आणि २ ऑक्टोबरला कंपनीला दाखवायला पूर्ण झालेलं काम. दानउत्सवात सुरुवात जाहीर करण्यापेक्षा निकाल दाखवणं त्यांनाही आवडेल, तसंच त्यांना सुचवा.

---

तक्ता_आणि_नोंद

वरच्याशी सहमत. अ‍ॅप बनवायची गरजच नाही, कोबो टूलबॉक्स वापरा. फोनवर नेटवर्कशिवाय फॉर्म भरता येतो, रेंज आली की माहिती जाते, प्रश्न मराठीत ठेवता येतात. मोफत खात्यात महिन्याला किती नोंदी चालतात याला मर्यादा असते, ती आधी बघून घ्या.

फॉर्ममध्ये चुका कुठे होतात ते नीट सांगतो, कारण आयटीतल्या स्वयंसेवकाला हे ठाऊक असायचं कारण नाही.

दंडघेर. पट्टीवर सेंटिमीटर आणि मिलिमीटर दोन्ही वाचले जातात. एक जण ११.४ लिहिते, दुसरी ११४. फॉर्मला ६ ते २५ एवढेच आकडे घ्यायला सांगा, बाहेरचा आकडा आला की 'सेंटिमीटरमध्ये लिहा' अशी सूचना. त्याच्या आधी पट्टीचा रंग विचारा. ११.५ च्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, वर हिरवा. रंग आणि आकडा जुळले नाहीत तर फॉर्मने पुन्हा मोजायला सांगावं. या एका प्रश्नाने निम्म्या चुका जागच्या जागी पकडल्या जातात. हे निकष ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठीच आहेत, सहा महिन्यांखालच्या बाळासाठी हा प्रश्न दिसताच कामा नये. आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर आकडा काहीही असो, मूल तीव्र कुपोषितच धरायचं. हा प्रश्न फॉर्ममधून सर्रास राहून जातो.

उंची. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजतात, त्यापुढचं उभं करून. दोन्हींत ०.७ सेंटिमीटरचा फरक धरतात. म्हणून 'कसं मोजलं' हा वेगळा प्रश्न हवा. उंचीनुसार वजनाची श्रेणी काढायचं सूत्र कुणाला स्वतः लिहू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते आणि त्यांचं मोफत सॉफ्टवेअर आहे, तेच वापरा.

मुलाची ओळख. सुनीता, सुनिता, सुनिताबाई अशी तीन मुलं होतात. मोबाइल नंबर चालत नाही, एक फोन तीन घरांत असतो. आधार क्रमांक मागूच नका, ती जोखीम तुम्हाला पेलणारी नाही. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक महसुली गावाला कोड आहे. त्यापुढे पाड्यासाठी तुमचे दोन आकडे आणि मुलासाठी तीन. हा क्रमांक मुलाच्या कार्डावर लिहून घरी द्या.

तारखा. तुमच्या जुन्या एक्सेलमध्ये जन्मतारखेचा रकाना उघडून बघा. काही तारखा उजवीकडे टेकलेल्या दिसतील, काही डावीकडे. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन असली की ०५/०८ ही ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते, आणि २५/०८ ला पंचविसावा महिना न सापडल्याने ती नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. डावीकडच्या निदान ओळखू येतात. उजवीकडच्या बिनबोभाट चुकलेल्या असतात आणि त्यावरून मुलाचं वय तीन महिन्यांनी हलतं. जुनी माहिती नव्या प्रणालीत घेण्याआधी हा रकाना वहीशी ताडून बघायला लागेल, दुसरा उपाय नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे त्याच दिवशी कळवणं. यासाठी आपोआप मेसेज पाठवणारी यंत्रणा जोडायचा मोह होईल. ती रेंजवर अवलंबून आणि कुठल्या तरी खात्याचं नूतनीकरण राहिलं की बंद. त्यापेक्षा फॉर्ममध्येच अट घाला: लाल किंवा सूज आली की पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'आजच पर्यवेक्षिकेला फोन करा', आणि पुढचा प्रश्न 'फोन केला का, किती वाजता'. डॅशबोर्डने जे होणार होतं ते इथेच झालं.

खाती. कोबो, ईमेल, डोमेन, सगळं संस्थेच्या ईमेलवर उघडा. स्वयंसेवकाच्या वैयक्तिक जीमेलवर 'तात्पुरतं' काहीही नको. तो नोकरी बदलतो आणि डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पेटीत पडून राहते. पासवर्ड परत मिळवायचा फोन नंबर संस्थेचा, आणि मालकी हक्क तुम्हा दोघांकडेही. शेवटच्या आठवड्यात सगळे पासवर्ड बदलायचे हे आत्ताच वेळापत्रकात घाला.

श्रीलिपी हे उरलेल्या तीन जणांसाठी छान सुटं काम आहे, फक्त त्यांना मराठी वाचता यायला हवं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसतं 'क', पण आत साठवलेलं असतं इंग्रजी चिन्ह. कनव्हर्टरने ते युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे उघडणाऱ्या लिपीत, येतं, पण रफार, पहिली वेलांटी आणि 'वाऱ्यावर'मधला ऱ्य इथे हमखास घोटाळा होतो. श्रीलिपीच्या सगळ्या फॉन्टची मांडणीही एकसारखी नाही. आधी प्रत्येक वर्षाच्या अहवालाचं एकेक पान करून बघा, मग पुढे जा. बदललेलं पान छापील प्रतीशेजारी ठेवून वाचलंच पाहिजे. कोष्टकातले आकडे तर दोघांनी, एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने बघायचे.

---

खतावणी

करार लागतो. दोन पानं पुरतात, पण तो कंपनी आणि संस्था यांच्यात असावा, सहा व्यक्तींशी नको. काय लिहायचं: कामाचं ते एक पान जोडपत्र म्हणून, तयार झालेलं सगळं संस्थेच्या मालकीचं, माहिती गुप्त ठेवणं आणि काम संपताच प्रती पुसून टाकणं, प्रवास, फोन, सिम यांचा खर्च कुणाचा, आणि कुणी मध्येच सोडलं तर किती दिवसांत दुसरा माणूस किंवा निदान लेखी हस्तांतर. विश्वस्तांच्या बैठकीत ठराव घेऊन इतिवृत्तात नोंदवा.

सीएसआरबाबत एक गोष्ट स्पष्ट असू द्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, त्यांना कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेच्या तासांची किंमत त्या खर्चात धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांत हे सांगितलं आहे. त्यामुळे 'आम्हाला अमुक लाखांच्या सेवा मिळाल्या' असं पत्र मागितलं तर रुपयांचा आकडा लिहू नका. किती जणांनी किती तास कोणतं काम केलं एवढं प्रमाणपत्र द्या. सेवेवर देणगीच्या करसवलतीची (८०जी) पावतीही देता येत नाही, ती सवलत फक्त रकमेच्या देणगीला आहे. कंपनीने फोन घ्यायला सीएसआरमधून निधी दिला तर तो वेगळा व्यवहार. त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे.

मुलांची खरी माहिती स्वयंसेवकांना देऊ नका, त्यांना ती लागतही नाही. फॉर्म बनवायला आणि तपासायला ५० काल्पनिक ओळी पुरतात. फक्त त्यात खऱ्या चुका पेरा: चुकलेली तारीख, मिलिमीटरमधला दंडघेर, एकाच नावाची दोन मुलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. संमतीचा मजकूर मराठीत, मोठ्याने वाचून दाखवण्याजोगा साधा लिहा आणि तो फॉर्मचा पहिला प्रश्न करा. जुनी एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची नाही, अगदी 'फक्त बघायला' म्हणूनसुद्धा नाही.

आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या व्याख्येत स्वयंसेवकही येतात, आणि १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तुम्ही १६ आहात. समिती नसेल तर हे लोक येण्याआधी करा.

---

मोखाडा_पोषण

मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. अजून दोन-तीन शंका. पाच कार्यकर्त्यांकडे साधा फोन आहे. स्वयंसेवकांपैकी बरेच हिंदी-इंग्रजी बोलणारे, आणि आमच्या बायका मोठ्या साहेबांपुढे गप्प बसतात. शिवाय अंगणवाडी सेविका हीच मोजमापं पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये भरतात, मग दोनदा कशाला असं कुणी विचारेलच. आणि कंपनीला एक दिवस सगळ्या ६० जणांना घेऊन पाड्यावर यायचंय.

---

रानवाट

ट्रॅकर सरकारचा आहे, त्यातली पाड्यावरची ताजी नोंद तुमच्या पर्यवेक्षिकेला मिळत नाही, एवढं उत्तर पुरेसं आहे. पण सेविकेच्या आणि तुमच्या मोजणीत फरक पडला तर भांडण आईच्या दारात होतं. म्हणून एकाच दिवशी, एकाच काट्यावर, दोघींनी मिळून मोजा. आणि काटा तपासा. ५ किलोचं प्रमाणित वजन सोबत ठेवा, फेरी सुरू होताना एकदा ठेवून बघायचं, आकडा फॉर्ममध्ये लिहायचा. काटा २०० ग्रॅमने चुकत असेल तर पुढचं सगळं सॉफ्टवेअर वाया आहे.

प्रशिक्षण स्वयंसेवकांनी द्यायचं नाही. त्यांनी तुमच्या दोन कार्यकर्त्यांना शिकवायचं, आणि त्या दोघींनी बाकीच्यांना. एका वेळी तिघी, दोन तास, प्रत्येकीच्या हातात फोन. सगळ्यांना एकत्र बसवून पडद्यावर दाखवलं तर माना डोलतात आणि पाड्यावर गेल्यावर काहीच येत नाही. पहिल्या दोन फेऱ्या वही चालूच ठेवा. संध्याकाळी वहीतली आणि फोनमधली २० मुलं शेजारी ठेवून बघा. जिथे फरक आहे तिथला प्रश्न कळलेला नाही. अशा वेळी बाईला पुन्हा शिकवण्याआधी प्रश्नाची भाषा बदला. 'मापनाची स्थिती' असं लिहिलेलं असतं, 'झोपवून की उभं करून' असं हवं. साधा फोन असलेल्या पाच जणींना शेजारच्या पाड्यातल्या कार्यकर्तीशी जोडा, सध्या तेवढं चालतं.

स्वयंसेवकांची पाड्यावरची भेट दुसऱ्या आठवड्यात हवीच, फॉर्म बनवण्याच्या आधी. एका वेळी दोघं, एक पूर्ण मोजणी. पावसात रस्त्यालगतचा पाडा निवडा. त्यांनी विचारायचं नाही, बघायचं: मूल रडतं, आई कामावर जायच्या घाईत असते, एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात मूल असताना फोनवर टाइप कोण करणार? हे बघितलेला माणूस १२ प्रश्नांचा फॉर्म बनवतो, न बघितलेला ४० प्रश्नांचा. खाऊ वाटायचा नाही, मुलांचे फोटो काढायचे नाहीत, कुणी एकट्याने मुलासोबत थांबायचं नाही. हे लेखी सही घेऊनच.

६० जणांची सहल नको. त्या दिवशी मोजणी होत नाही, आणि बायकांचा रोजगार बुडतो. कंपनीला नुसता नकार देऊ नका, कार्यालयातलं काम द्या: जुन्या वह्यांवरून तारखा ताडून बघणं. नाव झाकून फक्त क्रमांक आणि तारखेचा रकाना दिसेल असे कागद करता येतात, आणि ते ऐरोलीत बसून होतं.

पुढे कोण चालवणार हे पहिल्या आठवड्यातच नाव घेऊन ठरवा. माझ्या मते तुम्ही नाही आणि हिशेबाचे दादाही नाहीत, एखादी तरतरीत पर्यवेक्षिका. सातव्या आठवड्यापर्यंत स्वयंसेवक करतील आणि ती बघेल, आठव्यापासून ती करेल आणि ते गप्प बसतील. नवा पाडा जोडणं, प्रश्नाचा शब्द बदलणं, महिन्याची यादी काढणं, हरवलेल्या फोनचं खातं बंद करणं, ही चार कामं तिने एकटीने करून दाखवली की हस्तांतर झालं. पुस्तिका या चार कामांचीच, पडद्याच्या चित्रांसकट, मराठीत.

---

समन्वय_ठाणे

रानवाट यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: १२ आठवडे सलग वापरून टाकू नका. १० तास राखून ठेवा आणि ते ऑक्टोबरपासून पंधरवड्याला एक तास असे घ्या. खऱ्या अडचणी पहिल्या दोन महिन्यांत निघतात, तेव्हा फोन उचलणारा कुणीतरी हवा. हे करारातच लिहा, मागाहून मागितलं तर कंपनीत त्या प्रकल्पाची फाइल बंद झालेली असते.

ईमेल असं पाठवा:

'आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. मोजणीच्या दिवशीच तीव्र कुपोषित मूल कळावं यासाठी नोंदीची पद्धत बदलणं, हे एकच काम आम्हाला हवं आहे. त्यासाठी तीन जण १५ जुलैपासून हवेत. किमान एकाला मराठी उत्तम येत असावं. आणखी तिघांसाठी जुने अहवाल युनिकोडमध्ये आणण्याचं स्वतंत्र काम आहे, त्यांनाही मराठी वाचता यावं. कामाचं एक पान आणि कराराचा मसुदा सोबत आहे. निवडीपूर्वी प्रत्येकाशी २० मिनिटं फोनवर बोलायचं आहे, कृपया वेळा कळवाव्यात.'

एवढंच. संस्थेची माहितीपत्रकं जोडू नका, ते एक पान वाचलं गेलं पाहिजे.